लेबलवाल्या जयदेवचा प्रबंध

उल्हासनगरात शिवलेल्या जीन्सवर लेबलं लावण्यात जयदेवची वीस वर्षं गेली. लेबल आधी लावायचं नसतं. सगळा माल शिवून झाला, की गठ्ठा पुढ्यात ओढायचा आणि ओळीनं मारत सुटायचं. या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या विठ्ठलवाडीत कोणी नव्हता. घात केला तो याच हातानं.

त्रेचाळिसाव्या वर्षी जयदेव बाहेरून एम.ए. करत होता. प्रबंध इंग्रजीत, घरी बसून जीन्सचे धागे कापणाऱ्या बायकांवर. शेवटची मुदत शुक्रवार, दुपारी चार. ती हुकली की नोंदणी बाद, पाच वर्षांवर पाणी. मार्गदर्शक श्रद्धा मॅडमनी प्रबंध एकदा परत केला होता, "वाक्यं सुटी पडलीत, जोडा," म्हणून. जोडकाम म्हटल्यावर जयदेव खुलला. पुस्तकातून त्यानं बारा जोडशब्द निवडले आणि छत्तीस पानांवर ओळीनं मारले. एकाला हाउएव्हर, पुढच्याला देअरफोर, त्यापुढच्याला मोरओव्हर. कुणावर अन्याय नको.

शुक्रवारी सकाळी मॅडमचा फोन आला. "जयदेव, हे काय करून ठेवलंत?"

"मॅडम, एक वाक्य मोकळं ठेवलं नाही."

"तेच तर. चारच्या आत नीट करून आणा. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

तो टायपिंगवाल्या कमलेशकडे धावला. कमलेश अंधारात वर्तमानपत्रानं वारा घेत होता. "साईं, आज शुक्रवार, लाइट बंदचा दिवस. पाचला येणार. पेन घे, चालू हो."

जयदेव घरी उंबऱ्यात बसला. चूक कुठली, बरोबर कुठलं, काही दिसेना. सगळी लेबलं सारखीच सरळ बसली होती. शेजारी त्याची आई बनूबाई पँटचे धागे कापत होती, कापड डोळ्यांना जवळजवळ चिकटवून.

"माझ्याबद्दल काय लिहिलंस, ते तरी सांग."

त्यानं अकरावं पान मराठीत सांगितलं, "बनूबाईंनी तीस वर्षं धागे कापले. तरीसुद्धा त्यांचे डोळे अधू झाले."

बनूबाईची कात्री थांबली. "तरीसुद्धा कशाला रे? त्यानंच झाले की."

जयदेवनं हाउएव्हर खोडून वर देअरफोर लिहिलं. मग पहिलं पान काढून तो एकेक वाक्य आईला सांगू लागला. ती कात्री चालवत म्हणायची, "म्हणून," "पण," नाहीतर "इथं काही नको, कळतंय." तीन वाजेपर्यंत एकोणीस पानं झाली. उरलेल्या सतरांची लेबलं त्यानं सरळ खोडून टाकली आणि मॅडमच्या कॉलेजला जायला अंबरनाथची रिक्षा धरली.

चारला सात मिनिटं असताना श्रद्धा मॅडमनी गठ्ठा हातात घेतला. शिपाई किल्ल्या वाजवत उभा. मॅडम अकराव्या पानावर थांबल्या, पुढं सरकल्या, विसाव्यावर कपाळाला आठी पडली.

"बसा," त्या वर न बघता म्हणाल्या.

जयदेव बसला. पिशवी उघडीच ठेवली. गठ्ठा परत घ्यावा लागला तर बरी.