मधल्याच्या दाराची कडी

"दार मी दोरीने बांधून ठेवलंय," मेव्हराउ फोनवर म्हणाल्या. "कपडे वाळत घालायची दोरी. निळी. आणखी काही माहिती हवी?"

मेव्हराउ म्हणजे इथे नेदरलँड्समध्ये बाईंना आदराने मारायची हाक. या बाई नीउ-व्हेनेपला राहतात आणि खरं तर त्यांचा फोन माझ्यापर्यंत यायलाच नको होता. मी ब्रेडाच्या एका गोदामात गाड्यांच्या पार्ट्सचा कॅटलॉग सांभाळते. ग्राहक गॅरेजवाल्याशी बोलतो, गॅरेजवाला वेबसाइटवर ऑर्डर टाकतो, आणि मी फक्त नंबर बघते. बाईंनी एवढे सगळे टप्पे ओलांडून माझा नंबर कुठून मिळवला, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांची अडचण साधी होती. नवरा, हेंक, व्हीलचेअरवर. गाडी खास त्यांच्यासाठी बदलून घेतलेली. बाजूचं सरकतं दार उघडलं की फळी बाहेर येते आणि खुर्ची थेट आत जाते. त्या दाराची कडी तुटली होती. आम्ही तिला लॅच म्हणतो, पण कडीच ती. दार लागत नव्हतं. महिनाअखेरीला एपीके होती, म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी. दोरीने बांधलेलं दार तिथे पास होत नाही. आणि अशी दुसरी गाडी हवी तर खेमेन्टेकडे, म्हणजे नगरपालिकेकडे अर्ज करायचा आणि महिनोन्‌महिने वाट बघायची.

"हेंक आठवड्यातून दोनदा पोहायला जातो," त्या म्हणाल्या. "पाण्यात त्याचे पाय थोडंफार ऐकतात. तीन आठवडे झाले, तो घराबाहेर पडलेला नाही. काल त्याने मला सांगितलं, आता पुढच्या वेळचं बोलूच नकोस. तुमच्याकडे कडी आहे की नाही, तेवढं सांगा."

मी स्क्रीनवर बघितलं. गॅरेजने तीनदा ऑर्डर टाकली होती. तीनदा सिस्टिमने एकच उत्तर दिलं होतं, 'एनएलए'. नो लाँगर अव्हेलेबल. संपलं, मिळणार नाही, पुन्हा विचारू नका.

"बघते," मी म्हणाले. आमच्या ऑफिसात हा शब्द कुणी देऊ नये असा नियम आहे.

आता थोडं त्या गाडीबद्दल. कंपनी अमेरिकन. नाव लिहीत नाही, नोकरी चालू आहे. तिचे तीन ब्रँड होते. आपण त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणू. मेव्हराउंची गाडी मधल्याची. थोरला श्रीमंतांचा, धाकटा सगळ्यांचा. मधला होता तो मधल्या लोकांचा. थोरला परवडत नाही आणि धाकटा घेताना मान खाली जाते, अशांचा. शाळेचे मुख्याध्यापक, औषधाच्या दुकानाचे मालक, वगैरे. माझा बॉस रूद तरुणपणी मधल्याच्या शोरूममध्ये सेल्समन होता. तो सांगतो, लोक गाडी न्यायला इस्त्रीचे कपडे घालून यायचे. तेव्हा मधल्याचं इंजिन वेगळं, सीट वेगळी, दार लावल्याचा आवाजसुद्धा वेगळा होता.

मग कंपनीने काटकसर सुरू केली. आधी मधल्याला धाकट्याचा सांगाडा दिला. मग इंजिन दिलं. मग दारं, काचा, सगळंच दिलं. मधल्याचं स्वतःचं असं उरलं काय, तर समोरची जाळी, चाकांवरच्या टोप्या आणि आत लाकडासारखी दिसणारी प्लास्टिकची पट्टी. किंमत मात्र मधल्याचीच राहिली. लोकांनी हळूहळू पाठ फिरवली. कंपनीने मधला आधी युरोपातून उचलला, मग अमेरिकेतही त्याला टाळं लावलं. आता त्याचे फक्त पार्ट्स उरलेत, आणि ते सांभाळणारे आम्ही.

मी या देशात येण्याआधी पुण्याजवळ चाकणच्या एका कारखान्यात परचेसला होते. इथे नवऱ्याच्या मागे डिपेंडंट व्हिसावर आले, दोन वर्षं घरी बसले, मग ही नोकरी मिळाली. त्यामुळे दाराची कडी कशी बनते ते मला ठाऊक आहे. एका फक्त जाळी बदललेल्या गाडीसाठी कुणी नवी कडी बनवत नाही. मी धाकट्याचा कॅटलॉग उघडला. तेच चित्र. नुसतं तसंच नाही, तेच. स्कॅन करताना कागदावर पडलेला एक केससुद्धा त्याच कोपऱ्यात होता.

धाकट्याच्या कडीचा नंबर सिस्टिममध्ये घातला. चार नग शिल्लक. आमच्याच गोदामात, माझ्या खुर्चीपासून फार तर दोनशे पावलांवर.

मी टुणकन उठले. आणि पुढची ओळ वाचून परत बसले. चारही नग स्क्रॅप लिस्टवर होते. तीन वर्षं ज्या पार्टला मागणी नाही, तो भंगारात जातो. भंगाराचा ट्रक येणार होता पुढच्या आठवड्यात, गुरुवारी.

मी रूदकडे गेले.

"दोन्ही कड्या एकच आहेत," मी म्हणाले. "क्रॉस-रेफरन्स टाकू दे." क्रॉस-रेफरन्स म्हणजे कॅटलॉगमधली एक ओळ. हा नंबर नसेल तर तो चालेल, एवढंच सांगणारी.

"मधला आणि धाकटा यांच्यात क्रॉस-रेफरन्स टाकत नाहीत," रूद म्हणाला.

"का?"

"पॉलिसी आहे."

"मग निदान स्क्रॅप लिस्टवरून काढ."

"त्याला डिमांड दाखवावी लागते. धाकट्याच्या कडीला डिमांड कुठे आहे?"

"डिमांड नीउ-व्हेनेपमध्ये दोरी बांधून बसलीय, रूद!"

"ती मधल्याची डिमांड आहे," तो म्हणाला. आणि हे तो अगदी शांतपणे म्हणाला, म्हणून मला जास्त राग आला.

त्याने मला अमेरिकेतल्या ग्रेगकडे पाठवलं. ग्रेग ब्रँड कम्प्लायन्सचा. म्हणजे कुठल्या ब्रँडबद्दल काय बोलायचं आणि काय नाही, हे ठरवणारा. दुपारी चारला टीम्सवर कॉल झाला. त्याच्याकडे सकाळ होती, चेहरा प्रसन्न होता.

"मृणाल, चित्रं सारखी दिसतात म्हणून पार्ट सारखे आहेत असं आपण म्हणू शकत नाही," तो म्हणाला. "तुला फिटमेंट कन्फर्मेशन लागेल."

हा पार्ट या गाडीला बसतो, असा इंजिनियरिंगचा शिक्का म्हणजे फिटमेंट कन्फर्मेशन.

"कोण देईल?"

"मधल्याची इंजिनियरिंग टीम."

"ती आहे?"

ग्रेगने जरा वेळ बाजूच्या स्क्रीनवर पाहिलं. "मेलबॉक्स आहे," तो म्हणाला.

मी मेल केला. तो मिनिटाभरात परत आला, पत्ता अस्तित्वात नाही म्हणून. ग्रेगला कळवलं. त्याने उत्तर दिलं की मग विनंती धाकट्याच्या टीमकडे पाठवावी. धाकट्याच्या टीमने कळवलं की मधल्याच्या गाडीबद्दल मत द्यायचा त्यांना अधिकार नाही, कृपया मधल्याच्या टीमला विचारावं. मी तो मेल ग्रेगला फॉरवर्ड केला. ग्रेगने अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. मी त्या अंगठ्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे.

असे नऊ दिवस गेले. त्यात मेव्हराउंचे तीन फोन आले. दर वेळी मी "बघते आहे" म्हणाले आणि दर वेळी त्या "बरं" म्हणून ठेवून द्यायच्या. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. घरी जेवताना मी हेच पुराण लावायचे. नवरा म्हणाला, "अगं, ते तक्रारीचं तिकीट क्लोज कर नि मोकळी हो. प्रोसेस तुझ्या हातात नाहीये." आठ वर्षांच्या लेकीने वरणभात चिवडता चिवडता डचमध्ये निकाल दिला, "कापोट इज कापोट, मामा." मोडलं ते मोडलं. मला त्या दोघांचाही मनापासून राग आला.

मंगळवारी मी जुन्या नोंदी उकरून काढल्या. ही पॉलिसी आली कुठून हे मला बघायचंच होतं. तिथे दिसलं की क्रॉस-रेफरन्स पूर्वी होता. मधला आणि धाकटा यांचे शेकडो पार्ट एकमेकांना जोडलेले होते. मग एका दिवसात सगळे तोडले. शेरा होता, 'नेदरलँड्सच्या विनंतीवरून'. पुढे विनंती करणाऱ्याची आद्याक्षरं.

मी प्रिंट काढून रूदच्या टेबलावर ठेवली. त्याने चष्मा चढवून वाचली.

"मीच," तो म्हणाला.

"तू?"

"एक गॅरेजवाला होता. मधल्याच्या गाड्यांना धाकट्याचे पार्ट मागवायचा, आणि गिऱ्हाइकाला बिल दाखवून हसायचा. बघा म्हणायचा, कशाचे जास्त पैसे दिलेत. एका माणसाने त्यापायी बुक केलेली गाडी रद्द केली." रूदने चष्मा काढला. "लोकांना कळलं तर ब्रँड संपेल असं मला वाटलं. मग मी लिहिलं, की त्यांना कळूच नये अशी व्यवस्था करा."

"मग आता तूच परत लिही."

"आता ते माझ्या हातात नाही. ग्रेगच्या हातात आहे."

ज्या ब्रँडला मरून इतकी वर्षं झाली, त्याची अब्रू आम्ही अजून राखत होतो, आणि त्यासाठी एक माणूस घरात कोंडला गेला होता. रूदला हे दिसत नव्हतं असं नाही. त्याचा चेहरा पडला होता. पण चेहरा पडून कडी मिळत नाही.

बुधवारी सकाळी मी गोदामात गेले. उद्या ट्रक येणार होता. काही करायला नाही, तर निदान बघू तरी म्हणून एक खोका उघडून कडी हातात घेतली. बोटांना ग्रीस लागलं. आणि अंगठ्याखाली काहीतरी खडबडीत लागलं.

नंबर. धातूत उठवलेला. धाकट्याच्या कॅटलॉगमधला होता तोच.

मी तिथेच कपाळावर हात मारला, ग्रीससकट. चाकणला माझे पहिले साहेब आम्हाला रोज ओरडायचे, "लेबल नंतर वाचा, आधी माल हातात घ्या!" लेबल कुणीही चिकटवतं. पण पार्ट ज्या साच्यातून निघतो, त्या साच्याचा नंबर त्याच्या अंगावर असतो, आणि तो मार्केटिंगवाल्यांना खोडता येत नाही. नऊ दिवस मी मेलवर मेल पाठवत बसले होते. कॉम्प्युटरसमोर बसून बसून मला माल हातात घ्यायचं सुचलंच नव्हतं.

आमची पॉलिसी मला ठाऊक होती. मधल्याच्या गिऱ्हाइकाला धाकट्याचा नंबर मी सांगायचा नाही. पण गॅरेजवाल्याने स्वतःहून एखादा नंबर विचारला, तर तो आहे की नाही हे सांगायचं. ते माझं कामच आहे.

मी गॅरेजच्या मालकाला फोन लावला.

"तुटलेली कडी काढलीय का?"

"काढून ठेवलीय. का?"

"फडकं घ्या आणि पुसा. मागच्या बाजूला बघा."

बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग तो म्हणाला, "नंबर आहे की इथे! पण हा आमच्या कॅटलॉगमधला नाही."

"वाचा."

त्याने वाचला. माझ्या हातातल्या कडीवरचा मी बोटाने जुळवत गेले. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच.

"आता मला विचारा," मी म्हणाले.

"काय विचारू?"

"हा नंबर आहे का, असं विचारा हो!"

"हा नंबर आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "चार नग. ऑर्डर टाका, आत्ताच्या आत्ता."

त्याने टाकली. कडी दुपारच्या गाडीने गेली. उरलेल्या तीन मात्र वाचल्या नाहीत. आता डिमांड आहे म्हणून मी रूदला सांगितलं, त्याने ग्रेगला फोन केला, आणि ग्रेगने कळवलं की लिस्ट सोमवारीच फ्रीज झाली आहे. गुरुवारी ट्रक आला आणि तीन नव्या कोऱ्या कड्या घेऊन गेला. रूद दारात उभा राहून बघत होता.

पुढच्या आठवड्यात मेव्हराउंचा फोन आला. दार लागलं होतं. एपीके पास झाली होती. हेंक मंगळवारी पाण्यात उतरले होते आणि वेळ संपली तरी बाहेर यायला तयार नव्हते. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की माझी जीभ सुटली.

"खरं सांगू का," मी म्हणाले, "ती कडी स्वस्तातल्या गाडीची आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या शेजाऱ्यांकडे तीच गाडी होती, त्या दुसऱ्या नावाची. दार तेच, सगळं तेच. घेतानाच माहीत होतं."

"मग तुम्ही महागातली का घेतली?"

"आम्ही दोन्हीकडे गेलो होतो. तिकडचा माणूस सगळा वेळ माझ्याशीच बोलला, हेंकच्या डोक्यावरून. इकडचा जाऊन स्टूल घेऊन आला, हेंकसमोर बसला, आणि त्याला विचारलं, तुम्हाला गाडी कशी हवी? मी म्हटलं, इथेच घ्यायची."

मी हे रूदला जाऊन सांगितलं.

"काटकसर नुसत्या पार्ट्सवर भागेना, तेव्हा आम्ही सगळ्यात आधी त्यांनाच काढलं," तो म्हणाला. "शोरूमच्या माणसांना."

तिकीट ग्रेगने बंद केलं. शेरा मारला, 'ग्राहकाने पार्ट ब्रँडबाहेरून मिळवला'. विक्री धाकट्याच्या नावावर लागली. मधल्याच्या त्या कडीला सिस्टिममध्ये आजही मागणी शून्य आहे. मी त्याबद्दल कुणाला मेल केलेला नाही. आता एखाद्या गॅरेजचा एनएलएसाठी फोन आला, की मी स्क्रीनकडे बघायच्या आधी फडकं आहे का, एवढं विचारते.