भागाबाईनं न ऐकलेला सांगावा

चोपड्याकडची देवीची माणसं चैत्रात निघतात. तापी उतरायची, अमळनेर करायचं, धुळं मागे टाकायचं आणि माळरानं तुडवत वणीच्या गडाला लागायचं. या वाटेवर पाटी नाही की कोसाचा दगड नाही. वाट चालते ती चुलींवर. अमक्या गावात अमक्या बाईची चूल, तमक्या गावात तमकीची. शेत बापाकडून लेकाकडे जातं, ही चूल सासूकडून सुनेकडे जाते.

धुळ्याच्या पुढं आग्रारोड सोडून उजव्या हाताला एक गाडवाट फुटते. त्या गाडवाटेवर निमखेडं. सडकेनं एसट्या पळायला लागून वर्षं झाली होती, पण चालणारे गाडवाटच धरत. सडकेवर सावली नव्हती आणि गाडवाटेवर भागाबाई होती.

भागाबाई म्हणजे अंगानं लाकडासारखी, तोंडात मिशेरी आणि आवाज असा की शिवारातला बैल घराकडे वळावा. नवरा लवकर गेला. भिकन नावाचा एक लेक, त्याची बायको आणि थोडी कोरडवाहू जमीन, एवढा तिचा संसार. सासू मरायला टेकली तेव्हा भागाबाईचा हात धरून म्हणाली होती, "येक डाव वावर इकजो, पन मुक्काम तोडू नको." वावर विकायची वेळ आली नाही. मुक्काम मात्र भागाबाईनं हाडाशी धरून ठेवला.

कारण त्या मुक्कामाचा कायदा कडक होता. एका साली जरी खंड पडला, तरी चूल फिरायची. माणसं शेजारच्या ओट्यावर जेवली की पुढल्या साली तिकडंच जाणार. देवीच्या वाटेवर मागे वळून कोणी बघत नाही. आणि शेजारी कुंदाबाई होती. नात्यानं चुलत जाऊ, पण दोघींच्या मधल्या भिंतीवरून आणि मोरीच्या पाण्यावरून इतकं वाजलेलं की भिंतीलाही कान किटले असतील. कुंदाबाई दर चैत्रात आपला ओटा सारवून ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "सारेल बरा. कोन कव्हय ई लागी, काय सांगता येस?"

भागाबाईला एक धाकटी बहीण होती, सुंदरबाई. आई लवकर गेल्यानं भागाबाईनंच तिला कडेवर वागवलेली. सासरचे भाऊबंद अंजनवाड्याला राहत, म्हणून त्याच गावात, पण दुसऱ्या भाऊकीत तिनं बहिणीचं लग्न जमवलं. दर चैत्रात मुक्कामाच्या आदल्या दिवशी सुंदरबाई भाकरी थापायला यायची. सदुसष्टच्या साली आली नाही. निरोप आला, हिवताप आहे. भागाबाई सुनेला म्हणाली, "हिवताप बी बरा शे तिना. बरोबर काम देखीसन येस."

मुक्कामाचा दिवस उजाडला. उडदाची डाळ भिजत होती, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ परातीत काढलेलं होतं. ऊन अंगणात उतरलं आणि फाटकाशी अंजनवाड्याचा जागल्या, गावचे निरोप पोचवणारा पुना येऊन उभा राहिला. डोक्याला रुमाल नाही. पाय धुळीनं पांढरे. उंबऱ्याकडं आला नाही, लांबच थांबला.

उघड्या डोक्यानं आलेला जागल्या काय घेऊन येतो, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही कळतं. भागाबाईलाही कळलं. अंजनवाड्याला तिच्या सासऱ्याचा चुलतभाऊ अभिमनआबा दिवाळीपासून खाटेवर पडून होता. आता तो गेला असणार. म्हणजे दहा दिवसांचं सुतक. देवीला निघालेला माणूस सुतकाच्या घरचं पाणीही घेत नाही. पण सुतक लागतं ते कानावर पडल्यापासून. पडलं नाही तोवर घर मोकळं.

पुनानं तोंड उघडलं. भागाबाईनं हातातली रवी उगारली.

"पुना, मुकाट्यानं ऱ्हाय! येक सबद बोलू नको."

"अक्का, मी सांगावा लई उनू..."

"मले दखाय राह्यनं. सकायले सांगजो. देवीनी माणसं गाव सोडतीन, मंग सांगजो."

"उशीर व्हई, अक्का."

"मरेल माणोसले कसानी घाई रे?"

पुनानं पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. मग हळूच म्हणाला, "भिकनभाऊले सांगू का?"

"त्याले सांगं म्हंजे मले सांगं. गडवरनी मायनी आन शे तुले!"

आण घातल्यावर पुनाचा इलाज संपला. भागाबाईनं सुनेकडून तांब्या मागवला. पुनानं तो घेतला नाही. मौतीचा सांगावा आणणारा माणूस सांगितल्याशिवाय त्या घरचं पाणी पीत नाही, हा त्याच्या बाजूचा कायदा. चैत्राचं ऊन, ओठांना पापुद्रे, आणि समोर भरलेला तांब्या. दोघांचे कायदे एकमेकांना अडले होते. शेवटी भागाबाईनंच तोड काढली. पाणी गावच्या विहिरीवर पी म्हणाली. भिकननं हीरालाल मारवाड्याच्या दुकानातून गूळ-फुटाणे आणून दिले. दुकानातलं खाणं म्हणजे कोणाच्या घरचं नव्हे. पुना निंबाखाली बसून फुटाणे चावू लागला. अंजनवाड्याच्या वाटेकडे बघायचा, परत फुटाणे चावायचा.

कुंदाबाईच्या कानी हे जायला कितीसा वेळ लागणार! ती पदर खोचून तरातरा निंबाखाली आली.

"का रे पुना, काय सांगाले उना तू?"

"भागाअक्काले सांगानं शे. मायनी आन घाली तिनी."

"तिनी आन तिले. मले काय शे? मले सांग."

पुना विचारात पडला. मानेवरचं ओझं कुठंतरी उतरवायला तोही टेकला होता. "सांगू?"

"सांग, सांग... थांब! थांब रे मुडद्या!" कुंदाबाईनं दोन्ही कान गच्च दाबले. तिच्या ध्यानात उशिरा आलं. अभिमनआबा तिच्याही नवऱ्याचा चुलता. सांगावा तिच्या कानात पडला, की तिचीही चूल बंद. मग मुक्काम जायचा वरच्या गल्लीत, आणि वरच्या गल्लीतून तो या जन्मी परत येणार नव्हता. भागाबाईच्या घरचा मुक्काम तिला बघवत नव्हता, पण वरच्या गल्लीतला त्याहून बघवला नसता.

 मग ती घरी गेली आणि आपला तवा घेऊन भागाबाईच्या मागच्या दारात आली.

"व भागा, इतल्या भाकरी तुले येकलीले उरकाव नहीत."

भागाबाईनं मान वर केली. "तुले कोनी सांगं?"

"मले कोनी काही सांगं नही. आनि सांगूबी नका."

भिंतीच्या भांडणानंतर दोघी पहिल्यांदाच एका चुलाण्याशी बसल्या. कोणी कोणाच्या भाकरीला नाव ठेवलं नाही. फक्त एकदा कुंदाबाई म्हणाली, "आबा सोभावले बरा व्हता." भागाबाईनं लगेच दटावलं, "व्हता म्हनू नको. शे म्हन."

दिवस कलला तशी चोपड्याकडची माणसं आली. पुढं निशाण खांद्यावर घेतलेला सुकदेव, मागे बाया-माणसं, कोणाचे तळवे सोललेले, कोणाच्या टाचा फाटलेल्या. मिठाच्या कोमट पाण्यात पाय गेले, पंगत बसली. सुकदेव दर साली वाट दाखवायचा, त्याला या अंगणातला दगड न् दगड ठाऊक. त्यानं निंबाखाली पाहिलं.

"माय, तो उघडा डोकाना माणोस जेवना का?"

"त्याना उपास शे."

"कसाना?"

"बोलाना."

सुकदेव हसला. "आसा उपास आमनी घरवालीले सांग, माय." पंगतही हसली. पुना हसला नाही. सूर्य अंजनवाड्याच्या बाजूला बुडत होता, तिकडं तोंड करून तो उठून उभा राहिला. दिवस पुरता बुडाल्यावर मग खाली बसला.

झुंजूमुंजू झालं. 'बोल अंबे की जय' झाली, निशाण हललं, माणसं गाडवाटेला लागली. शेवटची बाई वळणाआड जाईतोवर भागाबाई फाटकात उभी होती. मग तिनं ओट्याशी बसून डोक्यावरून पदर घेतला. भिकनला बोलावलं, कुंदाबाईला हाक मारली. अंघोळीच्या पाण्याची घागर जवळ आणून ठेवली. सुतक घ्यायचं ते रीतसर घ्यायचं.

"आते सांग. अभिमनआबा कव्हय गया?"

"आबा कोठेच गया नही, अक्का. खाटवर बशीसन बिडी ओढी राह्यना."

"मंग कोन?"

"सुंदरबाई."

 भाकरीच्या तुकड्यासाठी एक कोंबडी आली आणि निघून गेली.

"माती?" भागाबाईनं विचारलं.

"काल्दी दिन बुडालोंग तुन्ही वाट देखसूत, आसं सांगेल व्हतं त्यास्नी."

कुंदाबाईच्या तोंडून निघून गेलं, "बहिननं तं आपले सुतकबी नही वं, भागा. आंगवर पानी लिदं का सुटनं."

ते खरं होतं. दिलेल्या घरची बहीण, दुसऱ्या भाऊकीतली. काल सकाळी ऐकलं असतं, तर एक घागर अंगावर ओतून भागाबाई निघाली असती, दिवस बुडायच्या आत पोचली असती, आणि सुनेनं मुक्काम सांभाळला असता. चूलही फिरली नसती. कुंदाबाईला बोलल्यावर कळलं, पण बोललेलं परत गिळता येत नाही.

भागाबाईनं घागर उचलली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतली. सुनेला म्हणाली, "पुनाले जेवाले वाढ. काल्दीना उपाशी शे." पुनानं आधी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

मग तो पुढं आणि ती मागे, अशी दोघं अंजनवाड्याला गेली.  राख अजून गरम होती. सुंदरबाईची सासू म्हणाली, "लई वाट देखी तुन्ही."

"देवीनी माणसं व्हतीत घरमा," भागाबाई म्हणाली.

 कारण चोख होतं. त्यात खोट काढायला कोणालाच जागा नव्हती, हीच अडचण होती.

अभिमनआबा त्यानंतरही पुष्कळ जगला. भिंतीवरून आणि मोरीवरून दोघी जावांचं पुन्हा वाजायला लागलं, पण चैत्र आला की कुंदाबाई न बोलावता तवा घेऊन येई. सुंदरबाईच्या जागेवर मात्र ती बसत नसे. चुलाण्याच्या दुसऱ्या अंगाला बसे.

पुढच्याच साली मुक्कामाच्या दिवशी, डाळ चुलीवर असताना, फाटकाशी एक परगावचा माणूस आला. डोकं उघडं, पाय धुळीचे. सून पाण्याचा तांब्या घेऊन निघाली तर भागाबाईनं तिला हातानं अडवलं. स्वतः अंगण ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पह्यले सांग," ती म्हणाली. "काय शे ते सांगी टाक."

माणूस बावरला. "बैल हरायना, माय. तांबडा शे, येक शिंग मोडेल. आठून जाताना देखा का?"

भागाबाई तिथंच फाटकाच्या दगडावर बसली. बसल्या जागेवरून तिनं सुनेला हाक मारली.

"पानी आन व. त्याले दे, आनि मलेबी दे."