आप्पांनी दादूला पेवात उतरू दिलं नाही

माझ्या आजोबांवर, आप्पांवर, गावाने साठ वर्षं संशय घेतला.

त्यांनीही एका माणसावर घेतला. तो शेवटपर्यंत सिद्ध झाला नाही.

आप्पांना जाऊन आज दहा वर्षं झाली. ते असताना हे लिहिलं असतं तर त्यांना आवडलं नसतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. सांगलीजवळ, कृष्णाकाठचं आमचं गाव. आप्पा तेव्हा जेमतेम विशीतले. पेवं खणायच्या आणि लिंपायच्या कामावर होते.

पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेली खोल कोठी. तोंड एक माणूस जाईल एवढंच, पोटात मात्र अख्खी खोली मावेल. बंद पेवात वाईट हवा साठते. म्हणून आधी झाकण काढून ते बराच वेळ उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर कुणीच उतरायचं नाही.

त्या दिवशी एका जुन्या, रिकाम्या पेवाची आतली भिंत ढासळली होती. ती लिंपायची होती.

मुकादम म्हणाला, "काल सकाळधरनं उघडं हाय. उतरा बिनघोर."

आप्पांनी तोंडाभोवती पडलेली माती हातात घेतली. झाकण लिंपून बंद करायला वापरलेली ती माती. ढेकूळ फोडलं तर आतून ओलं.

कालपासून उन्हात पडलेलं ढेकूळ ओलं कसं राहील?

"मुकादम, कंदील सोडून बघू की."

"रॉकेल काय तुझा बा देतोय? रेशनवर मिळतंय ते."

आप्पांचा जोडीदार मारुती हसला. "तू लय संशयी हाईस रं गड्या."

"निदान कमरंला दोर तरी बांध."

"कशाला? हे काय, गेलो आन् आलो."

आणि तो दोर हातात धरून उतरला.

पहिल्या हाकेला आतून "उतरलो रं" आलं.

दुसऱ्या हाकेला काहीच आलं नाही.

मारुतीचा थोरला भाऊ दादू शेजारच्या पेवावर होता. आरडाओरडा ऐकून तो धावत आला आणि थेट आत पाय सोडून बसला.

आप्पांनी त्याला मागून घट्ट मिठी मारली, ओढून काढलं आणि त्याच्या अंगावर पडून राहिले.

"सोड मला! भाऊ हाय त्यो माझा!"

"न्हाई सोडणार. तू बी जाशील."

दादूने त्यांना लाथा मारल्या. दंडाचा चावा घेतला. तो वण आप्पांच्या दंडावर शेवटपर्यंत होता.

बाकीच्यांनी विहिरीत पडलेली घागर काढायचा गळ आणला आणि मारुतीला वर घेतलं.

पण तो गेला होता.

सांगली संस्थानचा फौजदार आला. मुकादमाने सांगितलं, "फेफरं आलं वो त्याला. पेव कालपासनं उघडंच होतं."

आप्पा म्हणाले, "साहेब, ती माती बघा."

सगळे पेवापाशी गेले. तोंडाभोवतीची जमीन झाडून लख्ख केलेली होती.

कुणी झाडली, आप्पांना कधीच कळलं नाही. त्यांचा संशय कुणावर होता ते सांगायला नको. महिनाभरात मुकादम गाव सोडून गेला.

मग गावात कुजबुज सुरू झाली. दादूला का धरून ठेवलं यानं? मारुतीशी काय वाकडं होतं का ह्याचं?

दादू त्या दिवसापासून आप्पांशी बोलला नाही. समोरून आला तर रस्ता बदलायचा. आप्पांनीही कधी खुलासा केला नाही. पण आपण चुकलो की काय हा संशय त्यांना स्वतःबद्दलही होता. हे मला आजीने सांगितलं.

पुढे मी सेफ्टी ऑफिसर झाले. पुण्यात एका पुलाच्या साइटवर पहिली नोकरी. ट्रेनिंगमध्ये एक शब्द आला, 'कन्फाइन्ड स्पेस'. टाकी, गटार, खोल खड्डा, जिथे हवा खेळत नाही अशी कुठलीही जागा. आत माणूस पडला तर मागोमाग उडी मारायची नाही. बाहेरच्याला थांबवायचं, आतल्याला बाहेरूनच ओढायचं. बऱ्याचदा दुसरा मरतो तो वाचवायला गेलेला माणूस असतो.

मला पेवावरचे आप्पा आठवले. तो शनिवार गाठून मी गावी गेले.

"आप्पा, तुम्ही केलं ते बरोबर होतं. याला नियम आहे."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मला बरं वाटावं म्हनून सांगतीयास व्हय?"

मी मॅन्युअल काढलं. त्यांनी ते पान मला तीनदा वाचायला लावलं. दर वेळी मराठीत.

मग म्हणाले, "दादूला वाचून दाखवशील?"

दादूआजोबांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. आम्हाला दारात बघून ते उठून आत निघाले. मी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. ते थांबले. पाठमोरेच.

वाचून झालं.

मग ते वळले. माझ्याकडे नाही, आप्पांकडे.

"मला ठावं हुतं रं. दुसऱ्या दिशीच कळलं हुतं."

आप्पांनी विचारलं, "मग इतकी वर्सं?"

"राग धराया कुणीतरी पायजे हुतं. मुकादम गावला न्हाई. तू रोज दिसायचास."

मला वाटलं, आता आप्पा चिडतील. ते ओट्यावर बसले आणि ढसाढसा रडले. दादूआजोबा शेजारी बसले.

आप्पा, तुम्ही गेलात त्या दिवशी तुम्हाला खांदा द्यायला दादूआजोबा सगळ्यांत आधी पुढे झाले. लोक म्हणाले, वय झालंय, राहू दे. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही.

आप्पा, तुमची आठवण येते. मनापासून नमस्कार.