गटारात ओतलेला "चहा"

मंडळी, आज स्वतःचीच किळस आलीय.

निघालो होतो रोह्याला. पेणजवळ मित्र घरीच सर्किट बोर्ड बनवतोय असं कळलं, आणि मध्येच उतरलो. तांब्याच्या बोर्डावर मार्करने रेषा काढल्या आणि फेरिक क्लोराइडच्या टबात हलवत बसलो. रेषा राहिल्या, बाकीचं तांबं विरघळलं. जादूच!

मग मित्राने ते तपकिरी, विषारी पाणी मागच्या गटारात ओतलं. "दर वेळी इथंच ओततो," म्हणाला. गटार जातं खाडीत.

तेवढ्यात त्याची आई टोपलीत निवटे, म्हणजे चिखलातले मासे, घेऊन आली. "काय ओतलंस रं?"

"चहा गो आये."

मी हसलो. हसलो!

"एवढे निवटे कुठं मिळाले, काकी?"

"आपल्याच गटाराच्या तोंडाशी. रोज तिथंच धरते."

जेवायला कालवण वाढलं. मी म्हटलं, उपास आहे.

"बुधवारचा कसला रं उपास?" म्हणत काकीने माझ्या वाटणीचे निवटे स्वतःच्या ताटात घेतले. मी उठलो आणि निघालो.

आता स्टँडवर बसलोय. रोह्याची गाडी सोडली. परत जाऊन काकीला खरं सांगतो. पण ते पाणी टाकायचं कुठं, कोणाला माहीत आहे का?