बैल सगळेच बघतात, घोडी कोण बघतं?

शर्यतीच्या घाटावरचे किस्से कुणी जमवत नाही, ते साचतात. सीझन संपला की अंगावरचा भंडारा दोन अंघोळींत निघून जातो. किस्से मात्र कंपनीत मशीनपुढं उभं असतानाही आठवत राहतात. लोकांना वाटतं, याला भारी मजा येत असणार. येते, पण आता थोडा थकवाही आलाय. सकाळी डोळे उघडायच्या आत फोन वाजतो आणि पलीकडचा माणूस नाव-गाव काही न सांगता विचारतो, "आज कोण?"

'आज कोण' म्हणजे आजच्या बैलगाडा शर्यतीत कुठला गाडा पहिला येणार. मी त्याचा अंदाज लिहितो. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून रांजणगावच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर आहे. चारचौघांत बोलायला मला जमत नाही. म्हणून शर्यत बघताना जे सुचेल ते वहीत लिहून ठेवायचो. ती वही आमच्या दिलीपच्या हाती लागली. दिलीप शर्यतींचे व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकतो. तो म्हणाला, "महेश, तू लिही, मी टाकतो." तिथून माझी सकाळची झोप गेली.

पहिला अंदाज मी फार मनापासून लिहिला होता. अकरा गाडे पळणार होते. प्रत्येकाचं खाणं, सराव, मागच्या वेळचे सेकंद, सगळं लिहून शेवटी प्रत्येकापुढं एकच वाक्य टाकलं, 'हाही येऊ शकतो.' मला वाटलं, कुणावर अन्याय नको.

दिलीपनं तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "सगळेच येऊ शकतात तर लोकांनी घरीच झोपावं ना."

तेव्हापासून तीनच नावं लिहितो. आणि तेव्हापासून बाकीचे आठ माझ्याशी बोलत नाहीत.

*

आबा भेटले ते असंच एकदा तिन्ही नावं चुकल्यावर. आबा दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचे. सत्तरीच्या आसपास. त्यांचा गाडा नाही, बैल नाहीत. त्यांच्याकडं एक पांढरी घोडी आहे, चांदणी.

ज्यांनी आमच्याकडची शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाचा सरळ रस्ता असतो, त्याला घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा पळतो, त्याला बारी म्हणतात. वर किती सेकंदांत पोचला ते मोजतात. बारा सेकंदांच्या आत आला की माणसं टोप्या उडवतात. आणि गाड्याच्या पुढं एक घोडी पळते, तिच्यावर माणूस बसलेला असतो. बैल त्या घोडीच्या मागं जीव खाऊन पळतात. आता प्रत्येक गाडामालकाकडं चांगली घोडी कुठली असायला? म्हणून ज्याची घोडी चांगली त्याच्याकडं सगळे येतात. एकच घोडी दिवसात आठ-दहा बाऱ्यांना पळते.

मी वही घेऊन बैलांच्या खुरांकडं बघत बसलो होतो. आबा शेजारी येऊन बसले, तंबाखू मळत म्हणाले, "बैल बघायला सगळं गाव हाय. तू घोडी मोज."

मला कळलं नाही. मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. पहिल्या चार बाऱ्यांना घोडी ताजी असते. पाचवीला तिची मान खाली जाते. सातवीला ती पळत नाही, नुसती पुढं असते. मग मागचे बैल कितीही चांगले असोत, त्यांना ओढणारं पुढं काही उरत नाही.

म्हणजे कुठला गाडा येणार हे बैलांवर नाही, चिठ्ठीत कितवा नंबर लागला आणि तेव्हा घोडीची कितवी बारी असेल त्यावर होतं! एवढी साधी गोष्ट एवढ्या वर्षांत कुणी वहीत मांडली नव्हती. सगळे बैलांना खारीक-खोबरं, दूध, अंडी चारण्यात गुंतलेले.

त्या सीझनला माझे अंदाज एकापाठोपाठ एक खरे होत गेले. लोक म्हणायला लागले, याची आतून ओळख आहे. माझी कंपनीत धड कॅन्टीनवाल्याशी ओळख नाही.

*

अंदाज खरे व्हायला लागले की माणसं चिडतात, हे मला माहीत नव्हतं.

एकदा दुपारच्या शिफ्टला मशीनवर होतो. सुपरवायझर आला आणि म्हणाला, गेटवर जा. गेटवर पोचलो तर आमचा वॉचमन, बिहारकडचा साधा माणूस, रजिस्टर उघडं ठेवून घाम पुसत उभा. बाहेर पिकअप. पिकअपमध्ये बैल. बैलाशेजारी त्याचा मालक. मी त्याच्या गाड्याचं नाव तीन वेळा लागोपाठ लिहिलं नव्हतं, म्हणून तो बैल दाखवायला घेऊन आला होता.

मालक मला काहीच बोलला नाही. त्यानं नुसती बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडं बघितलं. मीही काही बोललो नाही. दोघं लाजाळू असले की भांडणसुद्धा होत नाही. तेवढ्यात कंपनीच्या दोन बसेस मागं येऊन हॉर्न वाजवायला लागल्या.

वॉचमननं मला बाजूला घेतलं आणि फार काळजीनं विचारलं, "भैया, रजिस्टर में विजिटर का नाम किसका लिखूँ? आदमी तो बोल रहा है, मिलने बैल आया है।"

*

पण सगळ्यात वाईट झालं ते नानांमुळं. नाना घाटावर माईकवर बोलतात. त्यांचा आवाज असा की बारी चालू नसली तरी धूळ उडते. त्यांना माझा अंदाज आवडायचा. एके दिवशी त्यांनी तो शर्यत सुरू व्हायच्या आधी माईकवरून मोठ्यानं वाचून दाखवला.

मी लिहिलं होतं, 'आज चांदणी पूर्ण ताजी आहे. पहिल्या चार बाऱ्यांत जो तिला पुढं घेईल तो घाटाचा राजा.'

पाच मिनिटांत चांदणीभोवती गर्दी. ज्यांचा नंबर नववा-दहावा होता ते चिठ्ठ्या बदलून मागायला लागले. कमिटीतला माणूस ओरडून दमला. आबांना नाही म्हणता येईना, कारण प्रत्येक जण पाया पडत होता. कुणी सोयरा, कुणी सोयऱ्याचा सोयरा. मधे श्वास घेऊ न देता चांदणीला लागोपाठ सहा बाऱ्या पळवलं. तिसऱ्या बारीनंतर तिची मान खाली गेली ती वर आलीच नाही. ती गर्दीनं बिथरली म्हणून पहिले तीन आणि दमली म्हणून पुढचे तीन, असे सहाच्या सहा गाडे मागं पडले आणि कुणी न विचारलेल्या एका घोडीच्या मागं पळालेला एक अनोळखी गाडा पहिला आला.

दिलीप म्हणाला, "अंदाज खरा होता. वाचला म्हणून खोटा झाला."

आबा बादलीत पाणी घेऊन घोडीचे पुढचे पाय धूत बसले. मी शेजारी बसलो. आबा म्हणाले, "तुझी चूक न्हाई. मला न्हाई म्हणता आलं न्हाई." पण ते पाय धुवायचे थांबेनात.

त्या दिवसानंतर चांदणी पहिल्या बारीलाच पाचव्या बारीसारखी पळायला लागली. हे दोघांनाच दिसत होतं. एक आबा आणि दुसरा मी. बाकीचे बैल बघत होते.

*

आबांना वाचता येत नाही. म्हणून शर्यतीच्या सकाळी मी त्यांना फोनवर अंदाज वाचून दाखवायचो, मगच दिलीपला पाठवायचो. तो आमचा रिवाज होता. आबा मधेमधे "व्हय" म्हणायचे. शेवटी "ठीक हाय" म्हणाले की मी पाठवायचो.

यंदा शिरूरच्या बाजूच्या एका घाटाचा अंदाज लिहायला बसलो आणि माझा पेन अडला. तीन चांगल्या गाड्यांनी चांदणीला पुढं घ्यायचं ठरवलं होतं. तिन्ही येणार नव्हते. खरं लिहिलं तर यापुढं कुणी चांदणीला पुढं घेणार नाही. आणि आबा मला एकदा म्हणाले होते, "माझं रान दीड एकर. गाडा न्हाई. मला कोण वळखतं? चांदणीचा आबा म्हणूनच वळखत्यात."

नाही लिहिलं तर माझ्या शब्दावर विसंबून तिघे जण घोडी लावणार. मी खोटं कधी लिहिलं नव्हतं. अभिमानानं सांगत नाही. मला दुसरं काही येतच नाही.

शेवटी लिहिलं, 'चांदणी आता थकली आहे. तिच्या मागं पळणारा गाडा बारा सेकंदांच्या आत येणार नाही.'

सकाळी फोन लावला. वाचत गेलो. ती दोन वाक्यं आली, ती सोडली आणि पुढचं वाचलं. संपलं. आबांचं "ठीक हाय" येईना. मला वाटलं फोन कट झाला.

मग आबा म्हणाले, "मधलं वाच."

"मधलं काय, आबा?"

"जिथं त्वा दम घेतला, तिथलं."

मी वाचलं. पलीकडं कासुर्डीच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "'थकली' बराबर हाय. दुसरं कुणी लिव्हलं आसतं तर 'संपली' लिव्हलं आसतं. पाठव."

*

त्या दिवशी चांदणीला कुणीच पुढं घेतलं नाही. तिघांनीही दुसऱ्या घोड्या बघितल्या. तरी आबा तिला पिकअपमधून घेऊन आले होते. धुतलेली, कपाळाला भंडारा लावलेली. दिवसभर बाभळीखाली तिला धरून उभे होते. ओळखीचे लोक यायचे, आबांना रामराम करायचे आणि घोडीकडं न बघता पुढं जायचे. मी दोनदा जाऊन पाणी देऊन आलो. तेवढंच सुचलं.

फायनल झाली. बक्षिसं वाटली. सेकंद मोजायचं मशीन कमिटीनं काढून पेटीत ठेवलं. लोक उठायला लागले, तेव्हा आबा नानांकडं गेले आणि कानात काहीतरी बोलले. नानांनी बाभळीखालच्या चांदणीकडं बघितलं. मग माईकवर म्हणाले, "मंडळी, पाच मिनिटं थांबा. चांदणी घोडीची आज शेवटची बारी हाय. गाडा न्हाई, बैल न्हाई, एकटी पळणार हाय."

निघालेली माणसं थांबली. काही परत येऊन बसली.

सेकंद मोजायला कुणी नव्हतं. नानांनी मला वर बोलावलं. "महेश, मोबाईलवर लाव." मी स्टॉपवॉच काढून घाटाच्या वरच्या टोकाला, निशाणाजवळ उभा राहिलो. 

खाली आबांचा पुतण्या सोमा चांदणीवर बसला. आबांनी तिच्या मानेवरून हात फिरवला आणि बाजूला झाले. खालून आरोळी आली. चांदणी सुटली.

मी किती घोड्या बघितल्या, किती बाऱ्या मोजल्या, त्याचा हिशेब माझ्या वह्यांत आहे. पण मागं बैल नसलेली, कुणाला ओढायचं नसलेली घोडी मी कधी पळताना बघितली नव्हती. तिनं कान मागं टाकले होते. धूळ तिच्या मागं राहत होती. ती माझ्या समोरून गेली, निशाण ओलांडून गेली आणि वर माळावर जाऊन थांबली.

नाना माईकवर म्हणाले, "सेकंद?"

मी मोबाईलकडं बघितलं. स्क्रीनवर सगळी शून्यं होती.

नानांनी माईक माझ्यापुढं धरला. मी आयुष्यात कधी माईकवर बोललो नव्हतो. सगळा घाट माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "अकरा पन्नास."

टोप्या उडाल्या. कुणीतरी भंडाऱ्याची मूठ उधळली. नानांनी "अकरा पन्नास" तीन वेळा घाटभर घुमवलं.

आबा चढ चढून हळूहळू वर आले. त्यांना धाप लागली होती. माझ्या खांद्याला धरून थोडा वेळ उभे राहिले आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "बटन दाबलं व्हतं का?"

"न्हाई, आबा."

आबांनी वर माळावर उभ्या असलेल्या चांदणीकडं बघितलं.

"मग बराबर हाय," ते म्हणाले.