वास न येणारी गोळी

कामगंध सापळ्याचं पाकीट फोडलं की मी अजूनही ती रबरी गोळी नाकाशी धरतो. काहीच वास येत नाही. तिच्यातला बोंडअळीच्या मादीचा वास फक्त नर पतंगाच्या मिशांना कळतो आणि तो सापळ्यात येऊन अडकतो. हदगावच्या दुकानदाराशी भांडून, भाव पाडून मी त्या गोळ्या पहिल्यांदा आणल्या, त्या वर्षी माझे सापळे रिकामेच राहिले. पतंग नाही म्हणजे कपाशी स्वच्छ आहे असं समजून मी फवारणी टाळली आणि बोंडं आतून किडली. मग सापळे उघडून पाहिले, तर गोळ्याच नव्हत्या. धुऱ्यापलीकडच्या शेतातला चुलतभाऊ म्हणाला, "उंदरानं नेल्या असतील. तुला कोण लुटून राहिलं?" एका ताटात जेवलेले आम्ही, मी मानलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्याच्या आखाड्यावर, शेतातल्या खोपटाशी गेलो. त्याचा शर्ट बाहेर दोरीवर वाळत होता आणि खिशाभोवती करडे पतंग फडफडत होते. "दादा, हे तुझ्या खिशाला काय हुंगून राहिले?" मी विचारलं. त्यानं शर्ट ओढून काखेत धरला. "मागितल्या असत्या तर तू भाव केला असता," तो म्हणाला. बाजारात मला कुणी फसवू शकत नाही. पण त्याच्या शेजारी बसून इतकी वर्षं जेवलो, मला कधी वास आला नाही.