पाल्मिराबाईंच्या बेलवर सावेताचं नाव

सावेतामावशीचं नाव पहिल्यांदा एखाद्या दारावर लागलं तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. वहीचा कागद फाडून निळ्या पेनानं लिहिलं होतं, वर चिकटपट्टी. रस्त्यावरच्या दाराशी बेलच्या बटणाशेजारी वर घरमालकीण पाल्मिराबाईंच्या घरची पितळी पाटी, खाली हा कागद. लावून झाल्यावर ती रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली आणि तिथून बघितलं. तिथून काही दिसत नव्हतं म्हणे. तरी दोनदा गेली.

ती आमच्या आईची बहीण, आमच्याच गावची, रोमानियात वास्लुईकडची. नवरा दारूनं गेला, पोरबाळ नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी बसमध्ये बसली आणि इटलीला गेली. अडीच दिवस बस, उतरली तेव्हा पाय असे सुजले होते की बूट कापून काढावे लागले. तिथे आमच्याकडच्या बायका जे करतात तेच तिनं केलं. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं, त्यांच्याच घरात राहून. अठरा वर्षांत तीन म्हाताऱ्या सांभाळल्या, तिघींचे डोळे हिनंच मिटले.

पहिल्या घरात पहिल्याच दिवशी तिला एक वाक्य शिकवलं. इटालियन येत नव्हतं, पण हे पाठ करून घेतलं. बेल वाजली, दारात गणवेशातलं कोणी असलं, तर म्हणायचं, "मी इथे राहत नाही, मी फक्त कामाला येते." तेव्हा तिच्याकडे कागदच नव्हते, त्यामुळे ठीकच होतं. मग दोन वर्षांनी आमचा देश युरोपात गेला. त्या दिवशी तिनं फोन केला आणि ओरडली, "अगं, आता आपणपण युरोपवाले! आता मला कोण हाकलतंय!"

हाकललं कोणी नाही. पण वाक्य तेच राहिलं. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्या घरातही तेच. तिसऱ्या म्हातारीचा मुलगा रेन्झो, माणूस वाईट नव्हता, नाताळला केक आणायचा. पण त्या पत्त्यावर नाव लावायचा विषय काढला की म्हणायचा, "सावेता, तू घरचीच आहेस, कागद कशाला हवा?" आतून भीती ही, की एकदा का ही इथे राहते असं लागलं, तर उद्या हिला घराबाहेर कशी काढायची.

मग एका संध्याकाळी कॉस्तेलचा, तिच्या भावाचा, फोन आला.

"सावेता, रागावू नकोस. घर विकलं."

"कोणतं घर?"

"बाबांचं. आपल्याकडे काय दहा घरं आहेत?"

"अरे, माझं ओळखपत्र त्या पत्त्यावर आहे!"

"तू तिथे राहतेस कुठे? अठरा वर्षांत चारदा आलीस."

"मग मी राहते कुठे, कॉस्तेल?"

"आता ते मी सांगू का?"

नवीन मालकानं तिचं नाव त्या पत्त्यावरून काढून टाकलं. ओळखपत्र गेलं. राहिला फक्त पासपोर्ट, तोही मार्चपर्यंतचा. ती तूरिनला आपल्या वकिलातीत गेली. तिथली पोरगी म्हणाली, "मावशी, गावचा पत्ता नाही ना, मग इथला आणा. तुमच्या नगरपालिकेकडून राहण्याचा दाखला आणला की नवीन पासपोर्ट देते." नगरपालिकेत गेली तर खिडकीतला म्हणाला, "दाखला मिळेल, पण पासपोर्ट चालू पाहिजे." म्हणजे मार्चच्या आत झालं तर झालं. नाहीतर ही बाई ना इकडची ना तिकडची. त्या दाखल्याशिवाय सरकारी डॉक्टरसुद्धा मिळणार नाही. आणि जिना चढताना तिला धाप लागायची, ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये रेन्झोची आई गेली. रेन्झो रडला, हिच्या गळ्यात पडून रडला, आणि पंधरा दिवसांत घर रिकामं कर म्हणाला.

तेव्हा पाल्मिराबाई भेटल्या. चौऱ्याऐंशीच्या, शर्टांच्या कारखान्यात जन्म घालवलेला, जीभ कात्रीसारखी. एकट्याच राहायच्या. मागची खोली द्यायला तयार झाल्या. सावेतानं घाबरत विचारलं, "सिन्योरा, बेलवर माझं नाव लावलं तर चालेल का? पालिकेचा माणूस बघायला येतो. बेलवर नाव नसलं तर राहत नाही असं लिहून जातो."

"लाव की! ती पितळी पाटी माझ्या नवऱ्याची आहे. तो जाऊन एकवीस वर्षं झाली. मेलेल्याचं चालतं, तर जित्याचं का नाही चालणार?"

सप्टेंबरात अर्ज दिला. खिडकीतला म्हणाला, आमचा माणूस पंचेचाळीस दिवसांत कधीही येईल, आधी कळवत नाही. सकाळी ती दोन घरी तासावर कामाला जायची, ते सोडता येत नव्हतं. मग सुट्टीच सोडली, गुरुवारची दुपार आणि रविवार. गुरुवारी दुपारी सगळ्यांना सुट्टी असते. आमच्याकडच्या बायका स्टेशनजवळच्या बागेत बाकावर बसतात, सूर्यफुलाच्या बिया फोडतात, मालकिणींच्या नकला करतात. अठरा वर्षांत तिचं जे काही होतं ते त्या बाकावरच होतं. तिनं जाणं बंद केलं. माणूस नेमका तेव्हा आला तर? खोलीत खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायची आणि बसायची. टीव्ही लावायची नाही, बेल ऐकू येणार नाही म्हणून. बायकांचे फोन यायचे सुरुवातीला. "काय गं, म्हातारा पटवलास की काय?" मग फोनही कमी झाले. आम्हीसुद्धा रविवारी करायचो तो फोन कधी केला, कधी नाही. आता वाटतं. पण आता वाटून काय.

ऑक्टोबरात एका दुपारी बेल वाजली. पाल्मिराबाई केस कापायला गेल्या होत्या. मावशीच्या हाताला पीठ लागलेलं, कमरेला ॲप्रन. दार उघडलं तर गणवेश.

"इथे कोण राहतं?"

"सिन्योरा पाल्मिरा."

"आणि तुम्ही?"

आणि तिच्या तोंडातून निघालं, "मी इथे राहत नाही, मी फक्त कामाला येते."

तो बरं म्हणाला, वहीत लिहिलं, खाली गेला. तिनं दार लावलं. परत पीठ मळायला घेतलं. मळता मळता हात थांबले. तशीच पिठाच्या हातांनी, सपाता घालून तीन मजले खाली पळाली. गाडी वळणावर गेलेली. ती पायरीवर बसली. पाल्मिराबाई आल्या तेव्हाही तिथेच होती.

"काय झालं? पडलीस?"

"तो आला होता. मी सांगितलं मी इथे राहत नाही."

"का?"

"माहीत नाही."

"अगं बये, सहा आठवडे त्या दाराकडे बघत बसलीस ना!"

"तोंडच तसं झालंय, सिन्योरा. गणवेश दिसला की तेच निघतं."

पाल्मिराबाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. मग दोघींना उठता येईना, खालच्या शेजाऱ्यानं हात देऊन उठवलं.

डिसेंबरात नकाराचं पत्र आलं. दुसऱ्याच दिवशी तिनं परत अर्ज दिला. मार्चला तीन महिने. आता नुसतं बसून राहायची नाही, सराव करायची. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून, "मी इथे राहते. मी इथे राहते." पाल्मिराबाई बाहेरून ओरडायच्या, "मला माहितीये! भाडं घेते मी!" कधी तर त्या स्वतः जिन्यात जाऊन बेल वाजवायच्या, नवऱ्याची जुनी टोपी घालून, आवाज जाड काढून, "कोण राहतं इथे?" सावेता हसायची. पण टोपीला बोलणं वेगळं.

जानेवारीत गुरुवारीच आला. तोच माणूस. तिनं दार उघडलं आणि तिला शब्दच फुटेना. ओठ हलतात, आवाज नाही. मग तिनं त्याची बाही धरली, खरंच धरली, आणि त्याला आत खोलीत नेलं. पलंग दाखवला. पलंगाखालच्या सपाता. खिडकीतला तिचा कप, दात घासायचा ब्रश. भिंतीवरची माता मारियाची तसबीर, तिला आमच्या आजीनं विणलेला रुमाल. ट्रंक रिकामी होती, ती उघडून दाखवली. अठरा वर्षांत तिनं पहिल्यांदाच ट्रंक पूर्ण रिकामी केली होती.

माणूस म्हणाला, "मागच्या वेळी तुम्हीच होतात ना?"

"हो."

"तेव्हा तर म्हणालात कामाला येते."

"तेव्हा मी कामावर होते," मावशी म्हणाली. "आता घरी आहे. मी इथे राहते."

त्यानं वहीत लिहिलं. जाताना पायपुसण्यावर पाय पुसून गेला, येताना पुसले नव्हते. हे तिनं फोनवर तीनदा सांगितलं.

फेब्रुवारीत दाखला, मग इटलीचं ओळखपत्र, ते टपालानं आलं. जुना संपायच्या नऊ दिवस आधी नवीन पासपोर्ट. डॉक्टरही मिळाला. डॉक्टर म्हणाला, हृदय थकलंय, इतके दिवस कुठे होतात? ऑगस्टमध्ये गावी येते म्हणाली होती. मे महिन्यात एका सकाळी पाल्मिराबाई कॉफी घेऊन खोलीत गेल्या तर ती उठली नाही.

कॉस्तेल तिला आणायला निघाला होता. गावी तिच्या आईच्या कबरीशेजारी जागा ठेवलेली आहे, अजून आहे. पाल्मिराबाई फोनवर म्हणाल्या, "तिनं मला सांगून ठेवलंय. परत बसमध्ये घालू नका म्हणाली. जिथे राहते तिथे ठेवा." आणि त्या गावात राहणाऱ्याला त्या गावच्या दफनभूमीत जागा मिळतेच, तसा नियम आहे. ओळखपत्र दाखवलं, झालं.

म्हणजे ज्या कागदासाठी ती इतकी झुरली, त्याच कागदानं ती तिकडेच राहिली. आमच्यातलं तिथे कोणी नाही. आम्ही सामान न्यायला गेलो तेव्हा बेलवरचा कागद तसाच होता, शाई उडालेली. कॉस्तेलनं तो मागितला, आठवण म्हणून. पाल्मिराबाई म्हणाल्या, "हात लावायचा नाही. मी गुरुवारी तिच्याकडे जाते. घरी काय बदललं म्हणून विचारलं तर काय सांगू?"